सुवर्ण चढाई
अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावर कबड्डी गावोगाव रंगते. बाद फेरीचा सामना बरोबरीत सुटला, तर आधी दोन्ही संघांना पाच-पाच चढाया मिळतात. चढाईपटूंची नावे क्रमाने पंचांकडे द्यावी लागतात. प्रशिक्षकाची खरी पारख इथेच होते. सातही खेळाडू मैदानातच राहतात. गुण मोजतात, पण बाद झालेला बाहेर जात नाही. निदान रेषा ओलांडली तरी गुण मिळतो, त्यामुळे बचावाला श्वास घ्यायला जागा नसते.

तरीही बरोबरी राहिली, तर नाणेफेक जिंकणारा संघ सुवर्ण चढाई करतो. त्यात गुण मिळवणारा संघ विजयी. निकाल न लागल्यास दुसऱ्या संघाला संधी मिळते. सुवर्ण चढायाही निष्फळ ठरल्या, तर मात्र नाणेफेकीवर निकाल. घाम गाळलेल्या खेळाडूंवर हा अन्यायच वाटतो.