लघुपटाचे पारितोषिक : रोख किती, पत किती?

घरातील मुलगा किंवा मुलगी लघुपट काढण्याची इच्छा बोलून दाखवते, तेव्हा व्यापारी कुटुंबात पहिला प्रश्न ठरलेला असतो : यातून मिळणार काय? या प्रश्नात अरसिकता नाही. ज्या मालाला गिऱ्हाईक नाही त्यात भांडवल का अडकवावे, हा विचार आपल्या पेढ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला आहे. आणि लघुपटाला रूढ अर्थाने गिऱ्हाईक नाही, हे मान्यच करावे लागते. पंधरा-वीस मिनिटांच्या चित्रपटासाठी कोणी तिकीट काढून चित्रपटगृहात जात नाही. मोबाइलवर तो पाहिला जातो, तो बहुधा फुकट. त्याची खरी पेठ म्हणजे चित्रपट महोत्सव, आणि त्या पेठेत त्याची किंमत ठरते ती पारितोषिकाने. तेव्हा मुलांना हो किंवा नाही म्हणण्यापूर्वी या पेठेचा व्यवहार समजून घेणे वडीलधाऱ्यांच्या हिताचे आहे.

आपल्या राज्यात लघुपटांची मानाची पेठ मुंबईत भरते. माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनपट यांसाठीचा मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजेच ‘मिफ’, फिल्म्स डिव्हिजनने 1990 साली सुरू केला. तो साधारणपणे दर दोन वर्षांनी भरतो. विजेत्यांना सुवर्णशंख आणि रौप्यशंख दिले जातात. या क्षेत्रात आयुष्य वेचलेल्या व्यक्तीला याच महोत्सवात जीवनगौरव पुरस्कार मिळतो, तो व्ही. शांताराम यांच्या नावाने. कोल्हापुरात 1901 साली जन्मलेल्या शांतारामांचे वडील जैन, आई हिंदू. त्यांची कीर्ती मोठ्या चित्रपटांची असली, तरी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड या सरकारी संस्थेचे मुख्य निर्माते म्हणून त्यांनी काही काळ काम पाहिले होते. फिल्म्स डिव्हिजनची ती पूर्वज संस्था. त्यामुळे हे नाव तेथे केवळ शोभेचे नाही. 2024 मध्ये हा पुरस्कार वाघांवर चित्रपट करणारे सुब्बय्या नल्लमुत्तू यांना मिळाला, 2022 मध्ये संजित नार्वेकर यांना.

एक काळ असा होता की लघुपटाला कायद्याने गिऱ्हाईक मिळवून दिले होते. फिल्म्स डिव्हिजनची स्थापना 1948 ची. तिचे वार्तापट आणि अनुबोधपट मुख्य चित्रपटाआधी दाखवणे चित्रपटगृहांना बंधनकारक होते आणि त्यापोटी त्यांना भाडेही भरावे लागे. साठीच्या पुढील वाचकांना दिवे मालवल्यावर सुरू होणारी ती धीरगंभीर निवेदने आठवत असतील. (त्या वेळात बाहेर शेंगदाणे घेणारेही पुष्कळ असत.) विजया मुळे यांचा ‘एक अनेक और एकता’ हा 1974 चा छोटा ॲनिमेशनपट तर दूरदर्शनमुळे घराघरांत पोहोचला. पुढे विजयाताईंनाही शांतारामांच्या नावाचा जीवनगौरव मिळाला. सक्तीचे दिवस सरले आणि लघुपटाचे हक्काचे गिऱ्हाईक गेले. आज तो कोणी पाहावा, त्यावर कोणी बोलावे, हे बहुतांशी महोत्सवाच्या निवडीवर अवलंबून आहे.

ही निवड होते कशी? 2024 च्या ‘मिफ’ला एक हजाराहून अधिक प्रवेशिका आल्या. निवड समितीच्या चाळणीतून त्यांपैकी जेमतेम दहावा हिस्सा स्पर्धेत उतरला. त्यानंतर राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय विभागांसाठी स्वतंत्र परीक्षक मंडळे बसली. कथात्म लघुपटाची मर्यादा 30 मिनिटांची होती, म्हणजे आठ मिनिटांचा आणि अठ्ठावीस मिनिटांचा चित्रपट एकाच तराजूत. त्यामुळे शंख हाती आला नाही तरी स्पर्धेत निवड होणे ही स्वतंत्र कमाई समजावी. त्या वर्षीचा सुवर्णशंख निष्ठा जैन यांच्या ‘द गोल्डन थ्रेड’ या माहितीपटाला मिळाला. तो लघुपट नव्हे, दीर्घ माहितीपट आहे. पण व्यापाऱ्यांनी तो आवर्जून पाहावा. बंगालच्या जुन्या ताग गिरण्यांतील कामगारांचे आयुष्य त्यात आहे. धान्याच्या बाजारात आपण ज्या बारदानाचा केवळ हिशेब ठेवतो, त्या बारदानामागचे हात पडद्यावर दिसतात.

सर्वोत्कृष्ट माहितीपटाच्या या सुवर्णशंखासोबत दहा लाख रुपये असतात. लघुपटांसाठीच्या रकमा त्याहून लहान, आणि अनेक महोत्सवांत तर मानचिन्ह आणि प्रशस्तिपत्र यांपलीकडे काही नसते. निर्मितीखर्च पारितोषिकातून वसूल होईल या हिशेबाने कोणी उतरत असेल, तर त्याला आधीच थांबवलेले बरे. जुन्या पेढ्यांच्या भाषेत सांगायचे, तर पारितोषिकाची रोख रक्कम ही दर्शनी हुंडी, दाखवताच वटणारी आणि तेथेच संपणारी. त्यातून मिळणारी पत ही मुदती हुंडी. ती वटायला वर्षे लागतात आणि कधी ती वटतही नाही.

वटली त्यांची उदाहरणे मात्र बोलकी आहेत. नागराज मंजुळे यांनी अहमदनगरला संज्ञापनाचे शिक्षण घेत असताना ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. शाळेची ओढ असलेल्या पारधी समाजातील मुलाची ती गोष्ट. त्याला दिग्दर्शकाच्या पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यानंतर ‘फँड्री’ आला आणि 2016 मध्ये ‘सैराट’. ‘सैराट’ने काय व्यवसाय केला हे व्यापाऱ्यांना सांगण्याची गरज नाही. उमेश कुलकर्णी यांचा ‘गिरणी’ हा पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील विद्यार्थिदशेतला लघुपट. घरात पिठाची गिरणी येते, मुलाला तिचे अप्रूप वाटते आणि पाहता पाहता तो त्या धंद्याला जुंपला जातो. दुकानात वाढलेल्या कोणाही मुलाच्या काळजाला हात घालील असे ते कथानक. त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार लाभला, आणि पुढे याच दिग्दर्शकाचे ‘वळू’, ‘विहीर’, ‘देऊळ’ आले. ज्या आवारात ही इन्स्टिट्यूट 1960 पासून आहे, तो प्रभात कंपनीचा जुना स्टुडिओ. शांतारामांनी सहकाऱ्यांसह ‘प्रभात’ 1929 मध्ये कोल्हापुरात काढली आणि 1933 मध्ये ती पुण्याला आली. याच संस्थेत म्हैसूरहून आलेल्या चिदानंद नाईक यांनी कन्नड लोककथेवर सोळा मिनिटांचा लघुपट केला. चार दिवसांत चित्रित झालेल्या या चित्रपटाला 2024 मध्ये कान महोत्सवाच्या विद्यार्थी विभागात पहिले पारितोषिक मिळाले, पंधरा हजार युरोंचे. नाईक शिक्षणाने वैद्यकीय पदवीधर आहेत.

या तिघांच्या मागे, मानचिन्ह दिवाणखान्यात ठेवून दुसऱ्या व्यवसायाला लागलेले कितीतरी असतात, हेही मुलांना स्पष्ट सांगावे.

हुंडीचे मोल ती कोणी लिहिली यावर असते. आज महोत्सवांच्या नावाखाली असे अनेक उद्योग चालतात की ज्यांचा प्रेक्षागार नाही, तारीख नाही, परीक्षकांची नावे नाहीत. प्रवेशिका संकेतस्थळावरून घ्यायची, शुल्क आकारायचे, महिन्याच्या अखेरीस पन्नास-साठ विभागांत विजेते घोषित करायचे आणि मानचिन्ह हवे असल्यास त्याचे पैसे वेगळे मागायचे, अशी ही रीत. प्रवेश शुल्क घेणे हा दोष नव्हे, अनेक नामवंत महोत्सवही ते घेतात. पण पारितोषिक जाहीर झाल्यावर विजेत्याकडूनच पैसे मागितले जात असतील, तर तो सन्मान नसून विक्री आहे. चित्रपट खरोखर कोणत्या सभागृहात, किती प्रेक्षकांसमोर दाखवला जाणार, परीक्षक कोण, मागील विजेत्यांचे पुढे काय झाले, एवढी चौकशी करावी. उधारीवर माल देताना आपण याहून अधिक चौकशी करतो.

मोठ्या महोत्सवांची पतही कसोटीला लागते. 2004 च्या ‘मिफ’पूर्वी भारतीय चित्रपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली गेली, परदेशी चित्रपटांना मात्र नाही. माहितीपटकारांनी विरोध केल्यावर ती मागे घेतली गेली. पण पुढे निवडीतून अनेक टीकात्म चित्रपट वगळले गेले, तेव्हा त्याच काळात प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ नावाने समांतर प्रदर्शन भरले. यजमान आणि पारखी दोन्ही सरकारच असेल तर काय होते, हे त्या वर्षी दिसले. माझ्या मते त्या वादाने ‘मिफ’चे नुकसान झाले नाही. निवडीकडे इतक्या डोळ्यांचे लक्ष आहे, हे आयोजकांना कळले.

आता व्यवहाराच्या दोन गोष्टी. लघुपट पूर्ण होताच उत्साहाने यूट्यूबवर टाकू नये. अनेक महोत्सवांना पहिल्या प्रदर्शनाचा मान हवा असतो, आणि आंतरजालावर आलेला चित्रपट काही ठिकाणी अपात्र ठरतो. दुसरे, प्रवेशिकांचा क्रम विचारपूर्वक ठरवावा. ऑस्करच्या लघुपट विभागासाठी लांबीची मर्यादा श्रेयनामावलीसह 40 मिनिटांची आहे, आणि मान्यताप्राप्त महोत्सवाचे ठरावीक पारितोषिक मिळाल्यास तेथे प्रवेशिका देता येते. अशी मान्यता असलेले महोत्सव परदेशातच आहेत असे नाही. कथात्म लघुपटांसाठी बेंगळुरूचा आंतरराष्ट्रीय लघुपट महोत्सव त्या यादीत आहे, आणि लघु माहितीपटांसाठी तिरुवनंतपुरमला भरणारा केरळचा महोत्सव.