दोन हात जागेतला गाभारा

एकतीस वर्षे मी फळ्यावर रेल्वेचे रूळ काढले. कोल्हापुरातल्या एका शाळेत चित्रकलेचा मास्तर होतो, आणि पोरांना यथार्थदर्शन शिकवायचे तर रुळांइतके सोपे उदाहरण नाही. खाली लांब असलेल्या दोन रेघा वर जाता जाता जवळ येतात आणि क्षितिजरेषेवर जिथे भेटतात तो लोपबिंदू. ‘सर, रूळ खरंच भेटले तर गाडी पडंल की!’ असे दरवर्षी एखादा तरी म्हणायचाच. वर्ग हसायचा, मीही हसायचो आणि पुढचा धडा घ्यायचो.

त्या प्रश्नाचे उत्तर मला निवृत्तीनंतर मिलानमध्ये मिळाले.

मुलगी तिथे नोकरीला, म्हणून आम्ही दोघे गेलो होतो. दुओमो हे तिथले अवाढव्य कॅथेड्रल बघून झाल्यावर बायकोला बाजार बघायचा होता. जवळच व्हिया तोरिनो हा रस्ता आहे, कपड्यांच्या आणि चपलांच्या दुकानांचा. दुकानांच्या ओळीत एके ठिकाणी जागा जराशी आत सरकलेली दिसते. छोटे अंगण आणि मागे चर्च : सांता मारिया प्रेस्सो सान सातिरो. दर्शनी भिंत एकोणिसाव्या शतकातली. लक्ष नसेल तर माणूस सहज पुढे निघून जाईल.

आत पाऊल टाकले आणि थांबलोच. डोक्यावर उभे चिरलेल्या पिंपासारखे गोल छत, मध्ये घुमट, समोर वेदी. वेदीच्या मागे खोलवर गेलेला गाभारा. दोन्ही बाजूंना खांब, खांबांवर कमानी आणि छतावरच्या सोनेरी चौकटी मागे जाता जाता लहान होत गेलेल्या. मनातल्या मनात मोजले, खोली सहज दहाएक मीटर असावी.

बायको तोवर कडेकडेने पुढे गेली होती. तिथून तिने हळूच हाक मारली, “अहो, इकडं या बघू. ह्याच्या मागं काय नाहीच!”

मी कडेला सरकू लागलो तसा तो गाभारा छत्री मिटावी तसा मिटत गेला. खांब तिरके झाले, चौकटी चेपल्या. अगदी बाजूने पाहिले तर उरली एक भिंत, तिच्यावर गिलाव्याचे उठावकाम, रंग आणि सोनेरी मुलामा. या सगळ्याची खरी खोली एक मीटरपेक्षाही कमी, म्हणजे आपल्या मापात जेमतेम दोन हात.

ही करामत दोनातो ब्रामांतेची. १४४४ साली उर्बिनोजवळ जन्मलेला हा माणूस आधी चित्रकार होता, मग वास्तुकार झाला. इथली मूळ जागा फार जुनी. आर्चबिशप अन्स्पेर्तो याने नवव्या शतकात मिलानचे संत अंब्रोज यांचे भाऊ सातिरो यांच्या नावाने इथे छोटे चॅपेल बांधले. ते आजही चर्चच्या डाव्या टोकाला आहे. शेजारीच मेरीचे एक भित्तिचित्र होते. १२४२ साली कुणीतरी त्यावर सुरा चालवला आणि चित्रातून रक्त आले, अशी आख्यायिका आहे. भाविकांची रीघ लागली आणि त्या चित्रासाठी १४८०च्या सुमारास हे चर्च उभे राहिले. ते चित्र आता मुख्य वेदीवर आहे.

अडचण होती ती जागेची. चर्चचा आराखडा क्रूसासारखा हवा, पण वेदीच्या मागे लगेच व्हिया फाल्कोने ही गल्ली. चौथा हात पसरायला जागाच नाही. ब्रामांतेने तो हात भिंतीवर रचला.

रचला म्हणजे काय केले? फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्कीने यथार्थदर्शनाचे प्रयोग करून साठेक वर्षे झाली होती. अल्बेर्तीने १४३५ मध्ये त्याचे नियम लिहूनही ठेवले होते. ब्रामांतेने ते नियम घेतले आणि मधल्या वाटेवर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांची उंची धरली. त्या उंचीच्या वरच्या रेघा खाली उतरवल्या, खालच्या वर चढवल्या. खऱ्या छताच्या रेघाच पुढे खोट्या छतात नेल्या, त्यामुळे जोड कुठे आहे ते नजरेला सापडत नाही. आमच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी सिनेमाकडे वळण्याआधी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले. सपाट कापडावर महाल उभा करण्याची ती विद्या आणि ही विद्या एकाच घराण्यातली. फरक इतकाच की इथे रंगाच्या जोडीला उठावही आहे.

पुढे याच ब्रामांतेने रोममधल्या सेंट पीटर्सचा नवा आराखडा केला आणि १५०६ मध्ये त्याची पायाभरणी झाली. तिथे जागेला तोटा नव्हता.

बाहेर पडून आम्ही वळसा घालून मागच्या गल्लीत गेलो. अरुंद गल्ली, सपाट भिंत. जिथे आत गाभारा ‘दिसला’ होता तिथून लोक चालत होते. त्या भिंतीला हात लावून मी बराच वेळ उभा होतो. बायको म्हणाली, “आता हितं काय बघताय?” मी त्या पोराचा प्रश्न बघत होतो. रूळ कुठेच भेटत नाहीत, बाळा. तू एका जागी उभा आहेस म्हणून ते भेटल्यासारखे दिसतात. जागा सोडलीस की लोपबिंदूही सुटला.

मिलानला गेलात तर या चर्चमध्ये घाईने वेदीपाशी जाऊ नका. आधी दाराजवळ, मधल्या वाटेवर उभे राहून मनसोक्त बघा. मग कडेला जा. आणि तुम्ही चित्रकलेचे शिक्षक असाल तर एक विनंती आहे. रूळ काढण्याआधी फळ्यावर बघणाऱ्या माणसाची जागा दाखवणारा एक ठिपका द्या. तो ठिपका द्यायचा माझा एकतीस वर्षे राहून गेला.