खोळंबा न करता बघणं

टर्मिनलवर रेडिस-सीएलआय असं टाइप करून एंटर दाबलं, की समोर एवढंच येतं: 127.0.0.1:6379>. मेनू नाही, चित्र नाही, स्वागताचा मजकूर नाही. डावीकडचा पत्ता आपल्याच मशीनचा, कोलननंतरचा आकडा रेडिसच्या पोर्टचा. पुढचं तुम्ही लिहायचं. 'पिंग' लिहिलं तर 'पाँग' येतं. 'गेट' आणि कीचं नाव लिहिलं तर त्या नावाखाली ठेवलेली व्हॅल्यू येते. काहीच नसेल तर कंसात 'निल'. लॉगिन का उडतंय, कार्टमधली वस्तू का दिसत नाही, ओटीपी दुसऱ्यांदा का मागितला जातोय, असल्या तक्रारी आल्या की 'रेडिसमध्ये बघ जरा काय पडलंय' असं कोणीतरी म्हणतं आणि कोणीतरी हा प्रॉम्प्ट उघडतं. बघ जरा, हे म्हणायला सोपं आहे. चालत्या डेटाबेसमध्ये बघायचं कसं, हे मात्र शिकावं लागतं आणि या साधनाचा मोठा भाग त्यासाठीच घडलेला आहे.

रेडिस हा की-व्हॅल्यू डेटाबेस. नाव द्या, त्याखाली काहीतरी ठेवा, नाव सांगून परत घ्या. कल्पना जुनी आहे. केन थॉम्प्सन यांनी बेल लॅब्जमध्ये लिहिलेली डीबीएम ही लायब्ररी 1979 मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर पडली, तिचंही काम हेच होतं. डीबीएमच्या नोंदी डिस्कवरच्या फाइलीत असायच्या. रेडिसचा साठा मेमरीत असतो. शिवाय इथे व्हॅल्यू म्हणजे नुसता मजकूर नसून ती लिस्ट असू शकते, सेट असू शकते, हॅश असू शकते, गुणांनुसार लावलेली क्रमवारीही असू शकते.

तो लिहिला सिसिलीच्या साल्वातोरे सान्फिलिपो यांनी. त्याआधी नेटवर्क सुरक्षेतली मंडळी त्यांना एचपिंगमुळे ओळखायची. हातानं घडवलेली पॅकेट पाठवून समोरचं मशीन काय उत्तर देतं ते तपासायचं, असं ते कमांड लाइनचं साधन. पुढे ते वेबसाइटवर या क्षणी कोण येतंय हे दाखवणारी एक सेवा चालवत होते. प्रत्येक साइटच्या शेवटच्या काही भेटींची यादी ठेवायची, नवी नोंद एका टोकानं ढकलायची आणि जुनी दुसऱ्या टोकानं गळू द्यायची, इतकंच काम. नेहमीच्या डेटाबेसला ते फार जड जात होतं. सान्फिलिपोंनी टीसीएल भाषेत एक कच्चा नमुना करून पाहिला, मग सीमध्ये नव्यानं लिहिला आणि 2009 मध्ये तो सगळ्यांसाठी खुला केला. प्रॉम्प्टवर ओळ मागेपुढे करायला, बाण दाबून जुनी कमांड परत आणायला रीडलाइन नावाची भलीमोठी लायब्ररी वापरायची पद्धत होती. त्यांनी तीही न घेता लाइननॉइझ नावाची छोटी लायब्ररी स्वतः लिहिली. तीच आजवर या प्रॉम्प्टमागे आहे. कमीत कमी सामानात काम भागवायची ही वृत्ती रेडिसमध्ये जागोजागी दिसते आणि मला ती मनापासून आवडते.

सर्व्हरशी होणारं बोलणंही डोळ्यांनी वाचता येईल असं आहे. समजा, 'शहर' या कीखाली 'पुणे' ठेवायचं आहे. सेट कमांड लिहून एंटर दाबलं, की आधी तारांकन आणि 3 जातं: तीन तुकडे येणार आहेत. मग डॉलरचं चिन्ह, तुकड्याची बाइटमधली लांबी आणि खालच्या ओळीवर तो तुकडा, असं तीनदा. रोमन लिपीतल्या 'सेट'ची लांबी 3, 'शहर'ची 9, 'पुणे'ची 12. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात; प, उकार, ण आणि मात्रा अशी चार चिन्हं, म्हणून बारा. 'स्ट्रलेन' कमांडनं लांबी विचारली तरी उत्तर 12 येतं. आणि 'गेट' केलं, तर प्रॉम्प्टवर पुणे दिसतच नाही. अवतरणचिन्हांत बॅकस्लॅश, एक्स आणि सोळाच्या पायातले दोन अंक, अशी बारा वेळा रांग दिसते.

मराठी मजकूर साठवणाऱ्याला पहिल्यांदा वाटतं, डेटा बिघडला. तो बिघडलेला नसतो. साधन सुरू करतानाच 'रॉ' हा पर्याय दिला तर पुणे सुबक उमटतं. पण बाइट उघडे करून दाखवायची ही सवय काढून टाकावी असं मला कधी वाटलं नाही. याच साधनाला 'मायनस एक्स' हा पर्याय देऊन दुसऱ्या प्रोग्रॅमकडून आलेली व्हॅल्यू साठवता येते. त्या वाटेनं इको कमांडमधून 42 पाठवलं, तर आकड्याच्या शेपटाला नवी ओळ सुरू करणारं अदृश्य चिन्हही आत जातं. पुढे 'इन्कर' चालवून तो आकडा एकानं वाढवायला गेलं, की उत्तर येतं: व्हॅल्यू पूर्णांक नाही. रॉमध्ये बघाल तर 42 अगदी निर्मळ दिसेल आणि डोकं धरून बसाल. अवतरणचिन्हांतल्या रूपात 42 नंतर बॅकस्लॅश-एन दिसतं आणि दोष तिथेच सापडतो. साधन स्वतःहूनच हा फरक पाळतं: माणूस पडद्यावर वाचत असेल तर अवतरणं आणि प्रकार दाखवतं, उत्तर पाइपमधून दुसऱ्या प्रोग्रॅमकडे जात असेल तर फक्त कोरा डेटा देतं.

आता बघण्याच्या किमतीकडे येऊ. रेडिस सगळ्या कमांड एकाच थ्रेडवर, एकामागून एक चालवतो. 2020 च्या सहाव्या आवृत्तीपासून नेटवर्कचं वाचन-लेखन इतर थ्रेडना वाटून देता येतं, पण कमांडची अंमलबजावणी एकाच ठिकाणी होते. एसटी स्टँडवर एकच खिडकी उघडी असावी आणि कोणी तिकीट न घेता 'डेपोतल्या सगळ्या गाड्यांची वेळापत्रकं वाचून दाखवा' म्हणावं, तसं इथे 'कीज' ही कमांड करते. कीज आणि तारा लिहिलं, की डेटाबेसमधलं प्रत्येक नाव एका दमात येतं. रेडिसच्या स्वतःच्या माहितीपुस्तिकेनुसार साध्या लॅपटॉपवर दहा लाख नावं चाळायला 40 मिलिसेकंद लागतात. वाचताना हे काहीच वाटत नाही. पण सेकंदाला लाखभर विनंत्या घेणाऱ्या सर्व्हरवर तेवढ्या वेळात चार हजार विनंत्या ताटकळतात. त्याच हिशेबानं नावं दहा कोटी असतील तर चार सेकंद सगळं ठप्प. ज्यानं फक्त बघितलं, त्याला पडद्यावर यादी दिसते. खोळंबा झालेले लोक त्याला दिसत नाहीत.

यावरचा उपाय 2.8 आवृत्तीत आला, 'स्कॅन'. स्कॅन 0 लिहायचं. थोडी नावं आणि एक आकडा परत येतो. तो आकडा देऊन पुन्हा स्कॅन करायचं. आकडा पुन्हा 0 आला, की फेरी पूर्ण. दोन फेऱ्यांच्या मधे खिडकी इतरांसाठी मोकळी असते. यात थक्क करणारी गोष्ट अशी, की तुम्ही कुठवर पोहोचलात याची सर्व्हर कुठेही नोंद ठेवत नाही. सगळी माहिती त्या एका आकड्यात असते. अर्ध्यावर सोडून गेलात तरी सर्व्हरवर काही उरत नाही.

मग चाळणी चालू असताना डेटाबेस वाढला किंवा आकसला तर? नावं ज्या तक्त्यात असतात त्याच्या कप्प्यांची संख्या 8, 16, 32 अशी दुपटीनं बदलते आणि नावं कप्पे बदलतात. सरळ 0, 1, 2 असं मोजत निघालो आणि मधेच 16 चे 8 कप्पे झाले, तर अजून न पाहिलेल्या कप्प्यांतल्या नोंदी आधीच पाहून झालेल्या कप्प्यांत जाऊन बसतील आणि सुटतील. पीटर नूर्डहाउस यांनी काढलेली युक्ती म्हणजे आकडा उलट्या टोकानं, सर्वांत मोठ्या बिटाकडून वाढवायचा. आठ कप्पे असताना क्रम लागतो 0, 4, 2, 6, 1, 5, 3, 7. आता समजा 0, 4 आणि 2 पाहून झालेत, पुढचा 6 आहे आणि नेमका याच वेळी तक्ता दुप्पट झाला. शून्यातल्या नोंदी 0 आणि 8 मध्ये जातात, चारातल्या 4 आणि 12 मध्ये, दोनातल्या 2 आणि 10 मध्ये. सोळा कप्प्यांचा उलटा क्रम कसा लागतो? 0, 8, 4, 12, 2, 10 आणि मग 6. म्हणजे पाहिलेलं सगळं मागे राहिलं, न पाहिलेलं सगळं पुढे आहे, आणि हातातला 6 हा आकडा तसाच बरोबर ठरतो. तक्ता आकसला तर काही नावं दोनदा येऊ शकतात. पण फेरीच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत जे नाव डेटाबेसमध्ये होतं ते सुटत नाही. कागद-पेन घेऊन हे दोन क्रम एकाखाली एक मांडून पाहावेत. इतक्या थोडक्या हत्यारानं इतकं काम झालेलं मी क्वचित पाहिलंय.

साधनातले बहुतेक पाहणीचे पर्याय याच स्कॅनवर उभे आहेत. 'बिगकीज' प्रत्येक प्रकारातली सर्वांत मोठी 'की' शोधून देतो, 'मेमकीज' मेमरीच्या मापानं तेच करतो. 'मॉनिटर' वेगळा: सर्व्हरकडे येणारी प्रत्येक कमांड तो थेट पडद्यावर सांडतो. अडलेल्या वेळी याच्यासारखा मित्र नाही, पण माहितीपुस्तिकेतल्या चाचणीत एकटा मॉनिटर लावल्यावर सर्व्हरचं काम निम्म्याहून जास्त घटलं होतं. दोन मिनिटं लावावा आणि बंद करावा.

बदल करायचा तर आधी 'टाइप' विचारावा. हॅशवर 'गेट' चालवलं तर साधन प्रकार चुकल्याचं सांगून थांबतं. पण तिथे 'सेट' चालवलं तर ते काहीही न विचारता अख्खा हॅश पुसून त्या जागी मजकूर ठेवतं. मग 'टीटीएल', म्हणजे कीचं आयुष्य किती सेकंद उरलंय. उणे एक म्हणजे मुदतच नाही, उणे दोन म्हणजे अशी 'की'च नाही. हे बघणं लोक टाळतात आणि तिथेच फसतात. समजा, एका लॉगिन सेशनमध्ये चुकीची व्हॅल्यू आहे आणि ती तीस मिनिटांनी आपोआप मिटणार आहे. 'सेट' करून व्हॅल्यू दुरुस्त केली, ओके आलं, काम झालं असं वाटतं. पण साध्या 'सेट'नं जुनी मुदतही पुसली गेली. ते सेशन आता कधीच संपणार नाही. सहाव्या आवृत्तीपासून ओळीच्या शेवटी 'कीपटीटीएल' लिहिलं की मुदत टिकते. दुरुस्तीनंतर पुन्हा टीटीएल विचारायची सवय असेल, तर ही चूक तासाभरानं नाही, त्याच क्षणी कळते.

पुसतानाही तीच काळजी. लाखो नोंदींची यादी 'डेल'नं काढली, तर ती मोकळी होईपर्यंत खिडकी अडते. चौथ्या आवृत्तीतला 'अनलिंक' नाव तत्काळ काढतो आणि मेमरी मागे दुसऱ्या थ्रेडवर मोकळी करतो. पुष्कळ कीज एकदम काढायच्या तर स्कॅनची यादी पाइपनं अनलिंककडे पाठवतात. त्या ओळीचा पहिला अर्धा भाग आधी एकटा चालवून नावं डोळ्यांखालून घालावीत, याबाबत मी फार आग्रही आहे. 'यूजर:1' आणि तारा असा नमुना दिला, तर 1 बरोबर 10, 17 आणि 1001 क्रमांकाचे यूजरही त्यात येतात.

इतकं मोकळं साधन परक्या हाती पडलं तर काय होतं, हे सान्फिलिपोंनी 2015 मध्ये स्वतःच लिहून दाखवलं. इंटरनेटवर पासवर्डशिवाय उघड्या पडलेल्या रेडिसला याच प्रॉम्प्टवरून स्वतःची एसएसएच 'की' व्हॅल्यू म्हणून द्यायची, साठवणीची जागा आणि फाइलीचं नाव बदलायचं, सेव्ह करायचं, की मशीनचं दार उघडलं. पुढच्या वर्षीच्या 3.2 आवृत्तीत पासवर्ड नसलेला सर्व्हर बाहेरच्या मशीनना दाद देईनासा झाला, आणि सहाव्या आवृत्तीपासून कोणाला कोणती कमांड चालवता येईल हेही ठरवता येतं. मार्च 2024 मध्ये रेडिस सांभाळणाऱ्या कंपनीनं त्याचा परवाना बदलला, तेव्हा लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली व्हॅल्की हा वेगळा प्रकल्प निघाला. त्याचं साधन व्हॅल्की-सीएलआय. कमांड त्याच, पोर्टही 6379. माझ्या दृष्टीनं या फुटीत एवढं बरं झालं, की हाताला लागलेलं वळण दोन्हीकडे चालतं.

राहिली सर्वांत भयंकर कमांड, 'फ्लशऑल'. ती खात्री विचारत नाही. ओके येतं आणि डेटाबेस रिकामा होतो. ठरावीक काळानं डिस्कवर प्रत घ्यायची सोय चालू असेल, तर ती प्रतसुद्धा लगेच रिकाम्या साठ्यानं पुन्हा लिहिली जाते. पण बदलांची नोंदवही चालू ठेवली असेल, तर एक वाट उरते. या फाइलीत प्रत्येक बदल तारेवरून गेला त्याच रूपात शेवटी जोडला जातो. लगेच 'शटडाउन नोसेव्ह' करून सर्व्हर थांबवायचा, फाइलीची एक प्रत बाजूला ठेवायची आणि मूळ फाइल साध्या एडिटरमध्ये उघडून तळाशी जायचं. तिथे तारांकन आणि 1, डॉलर आणि 8, आणि खाली फ्लशऑल हा आठ रोमन अक्षरांचा शब्द सापडतो. मधल्या काळात रेडिसनं ही नोंदवही आटोपशीर करायला नव्यानं लिहून काढली नसेल, तर त्या तीन ओळी खोडायच्या, फाइल सेव्ह करायची आणि सर्व्हर पुन्हा सुरू करायचा. तो पहिल्यापासून सगळ्या कमांड क्रमानं चालवत येतो आणि साठा जागेवर येतो.