स्वस्त बोल्ट-ॲक्शन रायफल : नवी घ्यावी की वापरलेली?

नवी दिल्ली : परवानाधारक नागरिकाला परवडणारी बोल्ट-ॲक्शन रायफल म्हटली की भारतात व्यवहारतः एकच नाव पुढे येते, ते म्हणजे .३१५ बोअरची ‘स्पोर्टिंग रायफल’. शस्त्रविक्रेत्यांच्या दुकानांत तिला आजही सवयीने शिकारी रायफल म्हटले जाते. ज्या कामावरून हे नाव पडले, ते काम मात्र कायद्याने जवळजवळ संपुष्टात आले आहे. त्यामुळे ही रायफल विकत घेऊ पाहणाऱ्यासमोर पहिला प्रश्न किमतीचा नसतो. ती नेमकी कशासाठी हवी आहे आणि त्या कारणासाठी रायफलीचा परवाना मिळेल का, हे आधी ठरावे लागते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये परवाना काढून मर्यादित शिकार करण्याची सोय मुळात होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. आता वन्यप्राणी मारण्याची मुभा केवळ अपवादानेच मिळते. कलम ११ अन्वये मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी माणसाच्या जिवाला अथवा पिकाला धोका ठरणाऱ्या प्राण्याबाबत लेखी आदेश देऊ शकतो. कलम ६२ अन्वये केंद्र सरकार एखादा प्राणी विशिष्ट क्षेत्रापुरता व मुदतीपुरता उपद्रवी घोषित करू शकते. बिहारमधील काही जिल्ह्यांत नीलगाय व रानडुक्कर आणि उत्तराखंडात रानडुक्कर यांच्याबाबत २०१५-१६ मध्ये अशा अधिसूचना निघाल्या होत्या. केरळ सरकारने २०२२ मध्ये रानडुकरांबाबतचे आदेश देण्याचे अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांपर्यंत नेले. महाराष्ट्रातही पिकाचे नुकसान करणाऱ्या रानडुकरांसाठी वन विभागाकडे अर्ज करता येतो. मात्र असा आदेश हाती नसताना शेतात शिरलेल्या डुकरावर झाडलेली गोळी हा गुन्हा ठरू शकतो, मग ती झाडणाऱ्याचा शस्त्र परवाना कितीही निर्दोष असो.

आधी परवाना

शस्त्र अधिनियम, १९५९ चे कलम १३ खरेदीआधी नीट वाचण्याजोगे आहे. संरक्षण किंवा खेळ यांसाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक आणि नेमबाजी क्लबच्या सदस्याला सरावासाठी .२२ बोअरची रायफल या प्रकारांकडे हे कलम तुलनेने उदारतेने पाहते. ठासणीची बंदूक पिकाच्या राखणीला पुरी पडणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटल्यास दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. .३१५ ची रायफल या यादीत बसत नाही. तिच्यासाठी अर्जदाराला ‘सबळ कारण’ दाखवावे लागते आणि ते सबळ आहे की नाही, हे जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त ठरवतात. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. पोलीस पडताळणी आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र या पायऱ्याही आहेतच.

कायद्याच्या या कलाला व्यावहारिक आधार आहे. रायफलीची गोळी लक्ष्य चुकली तर दोन किलोमीटरांहून अधिक दूर जाऊ शकते. सपाट मुलखात, दोन वस्त्यांमधल्या शेतात, रात्रीच्या वेळी हे अंतर फार मोठे आहे. बारा बोअरच्या बंदुकीचे छरे त्या मानाने काही शे मीटरांतच दम तोडतात. ज्याला केवळ पिकाची राखण करायची आहे, त्याच्यासाठी बारा बोअर स्वस्त पडते, तिचा परवाना सुलभ असतो आणि शेजाऱ्यांच्या दृष्टीनेही तीच बरी. .३१५ चा विचार त्याने करावा, ज्याच्याकडे डोंगरउताराचा किंवा मातीच्या बांधाचा आडोसा आहे, अथवा ज्याला मोठ्या बोअरच्या नेमबाजीची खरी आवड आहे.

हा बोअर आला कोठून?

.३१५ चे काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यासाठी घडलेले आठ मिलिमीटर मानलिखर काडतूस होय. ब्रिटिश राजवटीत .३०३ हा लष्करी बोअर असल्यामुळे तो सामान्यांच्या हाती जाऊ नये, असे धोरण होते. लष्करी साठ्यातील गोळी ज्यात चालणार नाही अशा खासगी रायफलीची गरज त्यातून निर्माण झाली आणि बीएसएसारख्या इंग्लिश कंपन्यांनी ली बनावटीच्या यंत्रणेवर .३१५ च्या रायफली भारतासाठी तयार केल्या. स्वातंत्र्यानंतर पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्याने तीच परंपरा पुढे चालवली. लष्करासाठी ली-एनफिल्ड बनवणाऱ्या या कारखान्याची नागरी रायफलही त्याच घराण्यातली आहे : बोल्ट तोच, दस्त्याची घडण तीच, केवळ नळी आणि काडतूस वेगळे. आयुध निर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजी विसर्जित होऊन त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. ईशापूरचा कारखाना आता कानपूर येथे मुख्यालय असलेल्या ‘ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया’कडे आहे, तर दारूगोळ्याचे कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘म्युनिशन्स इंडिया’कडे गेले.

मराठी वाचकाला या काडतुसाच्या बुडावर ओळखीची खूण सापडेल. तेथे ‘८ एमएम’ या अक्षरांसोबत ‘केएफ’ असा ठसा असतो, तो खडकीचा. उत्तर प्रदेश व बिहारमधील गुन्ह्यांच्या बातम्यांत हीच अक्षरे वारंवार येतात, कारण .३१५ चे काडतूस देशी कट्ट्यांतही वापरले जाते. त्यामुळेच या काडतुसांच्या विक्रीवर प्रशासनाची करडी नजर असते आणि अनेक ठिकाणी नवी काडतुसे देताना जुन्या पुंगळ्यांचा हिशेब मागितला जातो.

नवी आणि वापरलेली

नव्या रायफलीचा मोठा गुण म्हणजे तिच्या कागदपत्रांबाबत शंका उरत नाही. कारखान्याचा क्रमांक, चाचणीचा ठसा आणि देयक एकाच ठिकाणी मिळतात आणि दोष आढळल्यास दाद मागायला जागा असते. किंमत कारखान्याच्या दरपत्रकानुसार ठरते. तीत कर, वाहतूक आणि विक्रेत्याचा वाटा मिळवून पाहावा. तरीही नवी म्हणजे निर्दोष असे गृहीत धरू नये. बोल्ट सरकतो कसा, मॅगझिनमधून काडतूस अडखळत वर येते का, दस्त्याचे लाकूड नळीला एका बाजूने दाबते का, हे दुकानातच पाहावे.

वापरलेल्या रायफलींचा बाजार मोठा असण्यामागे कायद्याचाही हात आहे. शस्त्र (दुरुस्ती) अधिनियम, २०१९ ने एका व्यक्तीजवळच्या बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. तिसरे शस्त्र वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणे बंधनकारक झाले. त्यात वडिलोपार्जित शस्त्रांची भर पडते, कारण सांभाळण्याची इच्छा नसलेले किंवा परवाना न मिळालेले वारस ती विकून मोकळे होतात. अशा रायफली वर्षानुवर्षे कपाटात पडून असतात. त्यांतून गोळ्या फारशा झाडलेल्या नसतात, पण गंजाने आपले काम केलेले असते.

म्हणून तपासणीची सुरुवात नळीपासून करावी. रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट बाहेर काढावा आणि मागच्या बाजूने उजेडाकडे धरून नळीतून पाहावे. रायफलिंगच्या आट्या कडेला धारदार दिसल्या पाहिजेत. आतला थोडा काळसरपणा साफसफाईने जातो. खड्डे पडलेले असतील तर ते जात नाहीत. जुन्या काडतुसांच्या टोपीतील रसायनांचे क्षार नळीत राहून ओल धरतात, त्यामुळे दमट किनारपट्टीवरील रायफली विशेष बारकाईने पाहाव्यात. नळीच्या तोंडाची कड ठोकर लागून चेपली असेल तर नेम भरकटतो. नळी कापून आखूड केलेली दिसली तर विषय तिथेच संपवावा. परवान्याशिवाय नळी आखूड करणे कलम ६ अन्वये निषिद्ध आहे.

यानंतर बोल्ट. ली-एनफिल्ड घराण्यात प्रत्येक बोल्ट त्याच्या रायफलीला जुळवून बसवलेला असतो, म्हणून बोल्टच्या मुठीच्या मुळाशी असलेला क्रमांक आणि रायफलीच्या मुख्य भागावरील क्रमांक एकच असायला हवा. ते वेगळे असतील तर बोल्ट कोठून तरी आणून बसवला आहे, असे समजावे. त्यातून हेडस्पेस बिघडण्याचा धोका असतो. काडतूस चेंबरमध्ये बसल्यावर त्याच्या बुडाची कड आणि बोल्टचा पुढचा भाग यांत जी मोकळीक राहते, तिच्याशी हा शब्द निगडित आहे. ती प्रमाणाबाहेर असेल तर गोळी सुटताना पितळी पुंगळी मागे ताणली जाते, बुडाजवळ फाटू शकते आणि तापलेला वायू नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येतो. हे माप डोळ्यांना दिसत नाही. ते गेजने मोजावे लागते आणि ते काम जाणत्या कारागिराचेच आहे. विक्रेत्याकडे त्या रायफलीतून झाडलेल्या पुंगळ्या असतील तर मागून घ्याव्यात. बुडाच्या थोडे वर चकाकते वलय किंवा बारीक चीर दिसली तर गेज लावल्याखेरीज एक रुपयाही देऊ नये. तपासणीची मजुरी वाचवण्यासाठी ही पायरी टाळणारे बरेच असतात, आणि स्वस्ताईच्या सगळ्या प्रकारांत ही सर्वांत वाईट.

काही गोष्टी मात्र दोष वाटतात आणि तशा नसतात. या रायफलीचा बोल्ट पुढे ढकलताना शेवटी जोर लागतो, कारण तिची स्प्रिंग बोल्ट बंद होताना ताणली जाते. चाप दोन टप्प्यांत दबतो. पहिला टप्पा सैल लागणे ही रचनाच आहे. दस्ता दोन तुकड्यांचा असल्यामुळे मागचा भाग किंचित हलत असेल तर आतला लांब बोल्ट आवळून तो पक्का करता येतो. पुढचे लाकूड जिथे यंत्रणेला टेकते, तिथे ते तेलाने काळे पडून भेगाळले असेल, तर तो खर्च किमतीतून वजा करावा. सेफ्टी लावून चाप दाबावा, मग चाप सोडून सेफ्टी काढावी; त्या क्षणी आतली पिन सुटली तर रायफल घेऊ नये. दुर्बीण बसवण्यासाठी गल्लीतल्या कारागिराने भोके पाडलेली रायफलही टाळलेली बरी. शंभर मीटरच्या आत तिची मूळ माशी पुरेशी आहे.

जुन्या घराण्यांतील विलायती रायफली कधी कधी .३१५ पेक्षाही कमी किमतीत मिळतात आणि त्यांचे आकर्षण मोठे असते. जिम कॉर्बेट यांना १९०७ मध्ये चंपावतची वाघीण मारल्याबद्दल .२७५ रिग्बी भेट मिळाली होती, ही आठवण विक्रेते आवर्जून काढतात. बनावटीच्या दृष्टीने या रायफली सरस आहेत, यात वाद नाही. परंतु काडतूस आयात करावे लागते. ते क्वचित मिळते आणि मिळाले तर फार महाग असते. सामान्य परवानाधारकासाठी शस्त्रांची आयात १९८० च्या दशकापासून जवळपास बंद आहे. नामांकित नेमबाजांना असलेली सवलत त्याच्या उपयोगाची नाही. बोअरच्या नावातील साधर्म्यानेही फसगत होते. आठ मिलिमीटर माऊझरचे काडतूस आणि .३१५ चे काडतूस ही दोन वेगळी काडतुसे आहेत. एकाच्या रायफलीत दुसरे घालण्याचा प्रयोग जिवावर बेतू शकतो.

खासगी व्यक्तीकडून खरेदी करताना पैशांपेक्षा वेळेचा हिशेब अधिक महत्त्वाचा ठरतो. कलम ५ नुसार विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला लेखी सूचना द्यावी लागते आणि त्यानंतर किमान ४५ दिवस उलटल्याखेरीज शस्त्र हस्तांतरित करता येत नाही. ‘आज घेऊन जा, कागद मागाहून करू’ हे वाक्य ऐकू आले तर उठून निघावे. परवान्यावरील क्रमांक आणि रायफलीवरील क्रमांक अंकाअंकाने जुळवावा. खोडलेला, घासलेला किंवा पुन्हा कोरलेला क्रमांक असलेले शस्त्र जवळ सापडल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, तो फेरफार बाळगणाऱ्यानेच केला असे कलम ८ अन्वये गृहीत धरले जाते आणि ‘मी तर विकत घेतले’ हा बचाव सहज टिकत नाही. परवानाधारक विक्रेत्यामार्फत व्यवहार केल्यास थोडे अधिक पैसे जातात, पण नोंदवही आणि पावती हाती राहते.

खरेदीनंतर परवाना अधिकाऱ्यांकडे शस्त्राची नोंद ठरलेल्या मुदतीत करून घ्यावी लागते. निवडणुकीच्या काळात ते पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करण्याचा आदेश येऊ शकतो. विक्रेत्याकडे ठेवल्यास त्याचे भाडे द्यावे लागते. काडतुसे परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेतच मिळतात, म्हणून नेम जुळवण्यासाठी त्यांतली किती खर्ची घालायची, याचा विचार आधीच करावा. वापरलेल्या रायफलीची पहिली गोळी शेतात झाडू नये. ती मान्यताप्राप्त नेमबाजी मैदानावर, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली झाडावी आणि निघालेली पुंगळी लगेच उजेडात धरून पाहावी.