मोहेंजोदडोच्या विटांना लागलेला लोणा

१९२२ मध्ये राखालदास बॅनर्जी यांनी सिंधमधल्या मोहेंजोदडोला उत्खनन सुरू केले, तेव्हा ते पुरातत्त्व खात्याच्या पुण्यातील पश्चिम विभागाचे प्रमुख होते. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या पक्क्या विटा मातीखाली शाबूत होत्या. उघड्या पडल्या आणि झिजू लागल्या.

दोष मिठाचा. १९३२ मध्ये सक्करचा बंधारा झाला, कालवे आले, भातशेती वाढली आणि जमिनीखालचे खारे पाणी वर चढले. विटेतल्या बारीक छिद्रांतून ते भिंतीत शिरते. उन्हाने पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. त्यांचे स्फटिक आतूनच विटेला फोडतात. पांढरी भुकटी दिसते आणि हात लावला की विटेचा पापुद्रा गळून पडतो. जुन्या घराच्या भिंतीला लोणा लागलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

यावर उपाय अगदी साधा आणि फार हुशारीचा: भिंतीला मातीचा लेप. क्षार विटेत न साठता लेपात उतरतात, लेप काढून नवा लावायचा. पण हा उपाय कोरड्या हवेतला. वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पावसाच्या या भागात ऑगस्ट २०२२ मध्ये काही दिवसांत त्याच्या कितीतरी पट पाऊस कोसळला. लेप वाहून गेले, काही भिंती ढासळल्या.

नगराचा बराच मोठा भाग अजून उकरलेलाच नाही. तो तसाच मातीखाली राहू द्यावा.