कापसातील अतिसूक्ष्म तंतू व प्लॅस्टिकची बळकटी

पालम तालुक्यातील काळ्या जमिनीत कापूस हे नेहमीचे पीक होय. वेचणी संपली की कापूस बाजारात जातो व शेतात पऱ्हाटी उरते. तिचा काही भाग सरपणास येतो. पुष्कळशी बांधावर रचली जाते अथवा जाळली जाते. कापूस, सरकीवरील लव व पऱ्हाटी या तिन्हींत सेल्युलोज नावाचे द्रव्य असते. त्याचे अतिसूक्ष्म तंतू मिसळून प्लॅस्टिक बळकट करता येते, असे संशोधनाने सिद्ध झाले आहे. ही क्रिया कशी घडते व शेतकऱ्याने तिच्यापासून आज काय अपेक्षा धरावी, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

तंतूची रचना

अंबाडीचे दावे उकलून पाहिले असता त्यात पेड दिसतात, पेडात वाख व वाखात बारीक धागे दिसतात. कापसाच्या तंतूची रचनाही अशीच आहे. डोळ्यांस दिसणाऱ्या एका तंतूची जाडी सुमारे १५,००० नॅनोमीटर असते. (एक नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) या तंतूच्या आत सेल्युलोजचे असंख्य धागे असतात व त्यांची जाडी साधारणतः ५ ते ५० नॅनोमीटर भरते. यांनाच नॅनोसेल्युलोज म्हणतात. त्यांतील स्फटिकरूप भागाचा ताठपणा काचेच्या तंतूच्या सुमारे दुप्पट असून घनता मात्र त्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास आहे.

तंतू वेगळे करण्याची रीत

अंबाडी पाण्यात कुजविली म्हणजे डिंकासारखे द्रव्य सुटून वाख मोकळा होतो. येथेही पहिले काम तेच. पऱ्हाटीत सेल्युलोजला लिग्निन नावाच्या द्रव्याने बांधून ठेवलेले असते. ते क्षाराने व विरंजकाने काढून टाकावे लागते. कापूस व सरकीची लव यांत सेल्युलोजचा अंश फार मोठा व लिग्निन नाममात्र असल्याने हे काम सोपे जाते. त्यानंतर लगदा अतिशय दाबाने अरुंद फटीतून वारंवार दवडतात, किंवा तीव्र आम्लाने त्यातील कमकुवत भाग विरघळवितात. शेवटी खळीसारखा पांढरा, घट्ट द्रव मिळतो.

मुंबईतील माटुंगा येथे १९२४ साली स्थापन झालेल्या प्रयोगशाळेचे रूपांतर पुढे केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत झाले. या संस्थेने २०१५ साली नॅनोसेल्युलोजचे प्रायोगिक संयंत्र सुरू केले. त्याची क्षमता एका पाळीस १० किलो एवढी ठेवण्यात आली.

बळकटी कशी येते?

भिंतीच्या गाऱ्यात भुसा घातला म्हणजे वाळताना भेगा कमी पडतात, कारण मातीवरील ताण काड्या वाटून घेतात. प्लॅस्टिक, रबर वा राळ यांत घातलेले सूक्ष्म तंतू हेच कार्य करतात. ते जितके बारीक, तितका त्यांचा सभोवतालच्या पदार्थाशी स्पर्श अधिक. म्हणून थोड्या प्रमाणातही गुण येतो. तंतू परस्परांस लागून जाळे तयार झाले म्हणजे बळकटी विशेष वाढते.

तथापि एक अडचण मोठी आहे. सेल्युलोजला पाण्याची ओढ असते, तर बहुतेक प्लॅस्टिके पाण्याशी मिसळत नाहीत. त्यामुळे तंतूंचे गोळे होतात. आणि गोळे झाले की तोच भाग दुबळा ठरतो. खळ एकदा सुकली तर तंतू पुन्हा सुटे होणे कठीण असते. यास्तव तंतूंवर रासायनिक संस्कार करतात किंवा पाण्यात मिसळणारे रबराचे दूध, स्टार्च यांसारखे पदार्थ वापरतात. या सर्व खटाटोपास ऊर्जा, पाणी व खर्च लागतो.

शेतकऱ्यांनी व कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे

१. हा कारखान्याचा उद्योग आहे. शेतावर अथवा घरी आम्ल वा क्षार वापरून असा प्रयोग मुळीच करू नये.

२. पुढे भाव येईल या आशेने पऱ्हाटी रचून ठेवू नये. तिच्यावरील किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत राहते व पुढील हंगामात उपद्रव करते. फरदड न घेता डिसेंबरअखेर पीक संपवावे.

३. पऱ्हाटी न जाळता यंत्राने बारीक करून जमिनीत गाडावी किंवा तिचे कंपोस्ट करावे. जवळपास खरेदीदार असल्यास तुकडे करून लगेच विकावी. पऱ्हाटीच्या तुकड्यांपासून दाबफळ्या व जळणाचे ठोकळे तयार होतात.

४. नॅनोसेल्युलोज हे खत नव्हे. नॅनो युरियाशी त्याचा संबंध नाही, हे कार्यकर्त्यांनी सभेत स्पष्ट करावे.

५. पऱ्हाटी खरेदीच्या नावाखाली कोणी आगाऊ नोंदणी शुल्क मागितल्यास तालुका कृषी कार्यालयात चौकशी केल्यावाचून पैसे देऊ नयेत.

६. शंभर किलो कापसातून सुमारे ३३ ते ३५ किलो रुई निघते. राहिलेला बहुतेक भाग सरकीचा असतो. सरकीवरील लव काढण्याची सोय जेथे आहे, तेथे शुद्ध सेल्युलोजचा पुरवठा सहज होऊ शकतो. म्हणून गटाने अथवा सहकारी संस्थेने या व्यवसायाचा विचार केल्यास आरंभ जिनिंग व तेलगिरणीपासून करावा.

पिकाच्या प्रत्येक भागात मोल आहे, हे या संशोधनाने दाखविले आहे. ते मोल शेतकऱ्याच्या पदरी पडेपर्यंत पऱ्हाटी वेळेवर काढून मातीस परत देणे, यातच त्याचे हित आहे.