दहा छर्रे, एक भोक

पहाटे 5.30
आषाढात सांगलीकर उठल्या उठल्या एकच चौकशी करतो : आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आलं? 40 ला इशारा, 45 ला धोका. माझी दुसरी चौकशी रेंजवरच्या आर्द्रतामापकाकडे असते. नेमबाजीचे छर्रे मऊ शिशाचे. दमट हवेत डबा उघडा राहिला की त्यांच्यावर पांढुरकी भुकटी धरते आणि मग ते नळीतून एकसारखे जात नाहीत. म्हणून डबे बंद कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. आज त्यातले तीन डबे साताऱ्याला न्यायचेत. कंपनी एक, वजन एक, पण तिन्हींचा लॉट, म्हणजे कारखान्यातली खेप, वेगळा.

सकाळी 6.15
शाळेआधी मुलांचा सराव. रायफल पेटीतून निघाली की आधी नळीत केशरी दोरी दिसली पाहिजे, म्हणजे आत छर्रा नाही हे लांबूनही कळतं. मग बाकीचं.

दहा मीटर एअर रायफलचं गणित नवीन पालकांना मी कागदावर काढून दाखवते. लक्ष्याच्या मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, छर्रा साडेचारचा. छर्र्याची कड ठिपक्याला शिवली तर 10.0, छर्र्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यावर बसला तर 10.9. मधला एकेक दशांश म्हणजे पाव मिलिमीटर. असे 60 शॉट, सव्वा तासात. आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यानं तेजस्विनी सावंतच्या रूपानं 2010 साली म्युनिकला 50 मीटर रायफलचं जगज्जेतेपद मिळवलं, आणि 2024 मध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये त्याच अंतरावर ऑलिंपिकचं कांस्य आणलं. त्याची अंतिम फेरीची बेरीज होती 451.4. त्या शेवटच्या चार दशांशांसाठी खेळाडू वर्षं घालवतात.

आठवीतली एक मुलगी छर्रा भरते तेव्हा मी बघत राहते. डब्यातून चिमटीत घेते, उजेडाकडे धरून मागचा पातळ घेर चेपलेला नाही ना ते पाहते, मग तो अंगठ्यानं नळीच्या तोंडात सरळ बसवते. चेपलेला दिसला तर बाजूच्या वाटीत. हे तिला एकदाच सांगितलं होतं.

सकाळी 9.00
मुलं गेली की फरशी ओल्या फडक्यानं पुसायची. झाडू मारायचा नाही, शिशाची धूळ उडते. रेंजवर कुणी काही खायचं नाही आणि साबणानं हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावायचा नाही. या नियमाला माझ्याकडे सवलत नाही.

सकाळी 10.00
कुपवाड एमआयडीसी. इथल्या एका वर्कशॉपमध्ये आमचा व्हाइस, म्हणजे रायफल पकडून ठेवणारा शिकंजा, तयार झालाय. छर्र्यांची पारख करायची तर रायफल माणसाच्या हातातून काढून यंत्राच्या हातात द्यावी लागते. माणसाचा श्वास आहे, नाडी आहे, मन आहे. छर्रा चांगला की वाईट हे त्या गर्दीत कळत नाही.

व्हाइस निवडताना दोन रस्ते होते. एक, रायफल घट्ट आवळून धरणारा साधा व्हाइस. तो स्वस्त पडतो, पण शॉट सुटल्याचा धक्का टेबलात जातो, टेबल थरथरतं आणि छर्रे पसरतात. दुसरा, रुळांवर सरकणारा. शॉट सुटला की गाडा मागे येतो, हातानं पुढे नेला की त्याच अडणीला येऊन टेकतो. दर वेळी तीच जागा. आम्ही दुसरा घेतला. जबड्यांना ॲल्युमिनियमचे मऊ ओठ लावले, म्हणजे रायफलच्या धातूवर वळ उठत नाहीत.

“ताई, चार बोल्ट पुरं की,” कारागीर म्हणाले.
“पुरेत. पण पाया डुलायला नको, दादा.”

त्यांनी लगेच डायल गेज लावून गाडा पुढे-मागे सरकवून दाखवला. काटा जवळजवळ जागचा हलला नाही. असं काम करणारी माणसं आपल्या गावात आहेत, याचा मला अभिमान वाटतो.

सकाळी 11.30
पेठ नाक्यावरून महामार्ग, कऱ्हाड, उंब्रज, सातारा. पावसानं गाडी हळू. व्हाइस मागच्या सीटवर रजईत गुंडाळलेला.

दुपारी 2.00
अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी एका शाळेच्या सभागृहात नवी रेंज उभी राहतेय. 1961 साली देशातली पहिली सैनिक शाळा याच गावात निघाली. इथल्या घरांना रायफल नवी नाही, एअर रायफल मात्र बऱ्याच जणांना नवी आहे. फायरिंगच्या रेषेपासून लक्ष्यापर्यंत दहा मीटर, लक्ष्याचा मध्य जमिनीपासून 1.40 मीटर, दोन्हींत पाच सेंटिमीटरची सूट असते, ती आम्ही वापरली नाही. लक्ष्यावर उजेड किमान 1500 लक्स. लक्ष्यांच्या मागे पोलादी पत्रा, आणि बाजूचं दार आतून कुलूपबंद.

व्हाइससाठी कोपऱ्यात काँक्रीटचा ठोकळा आधीच ओतून ठेवलाय. तो जमिनीशी एकजीव आहे, टेबलाचा प्रश्नच नाही. प्लेट ठेवली, पाणसळ लावली, एका कोपऱ्याखाली पातळ पत्र्याची चकती सारली, मग चारही बोल्ट समोरासमोरच्या जोडीनं थोडे थोडे आवळले. एकच बोल्ट आधी गच्च केला की प्लेट पीळ खाते.

दुपारी 3.00
अपशिंग्याहून एक निवृत्त सुभेदार मुलीला घेऊन आलेत. त्यांनी विचारलं, “मॅडम, परदेशात नेमबाज घरीच काडतुसं पुन्हा भरतात म्हणे. आपण का नाही?”

प्रश्न नेमका होता. तिकडे झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी जपून ठेवतात. ती फुगलेली असते. प्रेसमध्ये साच्यात दाबून ती मापात आणायची, जुनी टोपी काढून नवी बसवायची, दारू तोलून घालायची, वर गोळी बसवायची. एका दाबाला एकच काम करणारा प्रेस असतो, तसाच एका दाबात सगळी कामं पुढे ढकलणाराही असतो. संख्येपेक्षा अचूकता हवी असलेले बरेच जण पहिलाच पसंत करतात, कारण प्रत्येक पायरी डोळ्यांखालून जाते. आपल्याकडे मात्र 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो. तो घरी करायचा उद्योग नाही. आणि आपली मुलं पुढे ज्या पॉइंट टू-टू रायफलवर जातात, तिच्या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो. कड एकदा चेपली की ती पुंगळी पुन्हा भरण्याजोगी राहत नाही. तिथेही वेगवेगळे लॉट झाडून बघायचे आणि रायफलला मानवेल तो घ्यायचा, एवढंच हाती असतं.

“म्हणजे बनवता येत नाही, पण निवडता येतं,” सुभेदार म्हणाले. आजच्या दिवसाचं सार त्यांनीच सांगितलं.

दुपारी 4.00
त्यांच्या मुलीच्या रायफलचा दस्ता काढला, नळीचा भाग जबड्यात धरला. हवेच्या सिलिंडरचा दाब पाहिला, त्यावर कोरलेली तारीखही पाहिली. मुदत उलटलेला सिलिंडर चालत नाही. क्रोनोग्राफवर वेग सेकंदाला 170 ते 175 मीटरच्या दरम्यान, शॉटमागून शॉट जवळजवळ तोच. आता छर्रे.

नवा लॉट घेतला की पहिले काही शॉट मोजायचे नाहीत, नळीला आधीच्या शिशाची सवय असते. मग एका कार्डावर दहा. कार्ड काढून उजेडात धरायचं आणि भोकाची सगळ्यात रुंद बाजू व्हर्नियरनं मोजायची. पहिला लॉट 6.5 मिलिमीटर. दुसरा 5.5. तिसरा 7.2. प्रत्येकाची पुन्हा कार्डं काढली. क्रम बदलला नाही.

सुभेदारांच्या मुलीला मी वजाबाकी करायला लावली. 6.5 मधून छर्र्याचे 4.5 गेले, उरले 2. म्हणजे मध्यापासून एक मिलिमीटरची चूक रायफलच करणार. तू कितीही छान धरलीस तरी कडेचा शॉट 10.6. दुसऱ्या लॉटमध्ये चूक अर्ध्या मिलिमीटरची, कडेचा शॉट 10.8. तिनं आकडे वहीत लिहिले आणि विचारलं, “मग माझ्या मैत्रिणीलाही हाच?” नाही. मैत्रिणीची रायफल लावली तर तिला पहिला लॉट मानवला. नळीनळीचा स्वभाव वेगळा असतो, म्हणून दुसऱ्याचा निकाल उसना घेता येत नाही.

संध्याकाळी 6.30
पालकांशी बोलणं. डब्यात 500 छर्रे. नियमित सराव असेल तर असा डबा बघता बघता संपतो. सरावाला साधे छर्रे चालतील, पण स्पर्धेसाठी जो लॉट ठरला त्याचे हंगामभर पुरतील इतके डबे एकदम घ्या, कारण तोच लॉट पुन्हा मिळेल याची खात्री नसते. चार घरांनी मिळून मागणी नोंदवली. डब्यावर मुलीचं नाव, रायफलचा क्रमांक आणि आजची तारीख.

रात्री 9.30
सांगलीत परत. आजची कार्डं वहीत चिकटवली, शेजारी मापं लिहिली.

लहान गावातल्या मुलांना मोठ्या शहरातल्या मुलांइतकी रेंज, इतकी साधनं मिळत नाहीत, हे खरंच आहे. पण पारखलेला छर्रा हातात असला की शॉट हुकल्यावर मूल साधनाकडे बोट दाखवत नाही. चूक खांद्यात होती, श्वासात होती की घाईत, हे ते स्वतः शोधायला लागतं, आणि शिकणं तिथूनच सुरू होतं. कोच म्हणून मी त्यांच्यासाठी करू शकते त्यातलं हे सगळ्यात ठोस काम आहे असं मी मानते.

व्हाइस साताऱ्यातच राहणार. सुभेदारांनी तो चालवायला शिकायचं कबूल केलंय. वाई, कऱ्हाड, तासगाव, जत, कुठूनही मूल रायफल घेऊन आलं तर त्याचे छर्रे तपासून द्यायचे आणि त्याचे पैसे घ्यायचे नाहीत, एवढं आज सगळ्यांनी मिळून ठरवलं.